रुमालाखाली काय ठेवलंस, इरफान?

इरफान,

तुझा शेवटचा डाव माझ्याकडे तसाच पडून आहे. तू जाऊन सतरा दिवस झाले. त्याच्या आठ दिवस आधी तू ती फाइल पाठवलीस आणि सोबत लिहिलंस, ‘ठेवलं. आता तू ठेव.’ मी ती उघडली नाही. उघडायची तर आधी मला माझा आकडा ठेवावा लागतो. दोघांनी ठेवल्याशिवाय रुमाल उचलायचा नाही, हा नियम आपणच केलेला आहे.

घरी भेटायला येणारे विचारतात, मित्र काय करायचे? मी सांगतो, अकोल्याला उर्दू शाळेत भूगोल शिकवायचे. ते मान हलवतात, चहा पितात आणि जातात. पुढचं सांगायला माझी जीभ वळत नाही. पंचेचाळिशी उलटलेले, चष्मे लागलेले दोन संसारी पुरुष चार वर्षं एका कॉम्प्युटरच्या खेळावरून भांडत होते. आणि भांडण कशावरून, तर त्या खेळात लढाई न करता जिंकायचं कसं, यावरून. हे ऐकून कोणाला रडू येणार? मला येतं, पण मी वेडा आहे हे अमरावतीत सगळ्यांना माहीत आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. दीड वर्षं राहिली. ती सांगितल्याशिवाय माझ्याच्याने आकडा ठेवला जाणार नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. तू ऐकत नाहीस हे कळतं मला. जिवंत होतास तेव्हाही तू फारसं ऐकायचा नाहीस, त्यामुळे तेवढी सवय आहे.

तुला आठवतं, हॉस्टेलजवळच्या गल्लीत तो कॅफे होता? तासावर एक कॉम्प्युटर मिळायचा आणि आपण एकाच खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून राज्यं उभी करायचो. एक गाव, मग दहा गावं, मग फौज, मग शेजाऱ्याशी कटकट. मी नेहमी फौजेच्या मागे. तुझं मात्र पहिल्यापासून वेगळंच. तू शाळा बांधायचास, रस्ते काढायचास, कवी पोसायचास आणि शेवटी तोफ न उडवता जिंकायचास. त्या खेळांत तशी सोय असायची, शांततेनं जिंकायची. पण जिंकल्यावर तुझं तोंड उतरलेलं असायचं.

“हे काय जिंकणं हाय बे?” तू एकदा म्हणालास. “मी भिंत बांधली, आत बसलो, अन् पुढची चाल, पुढची चाल करत बटन दाबत राह्यलो. समोरचा काय करून राह्यला हे मले पाहाच लागलं नाही. तीन घंटे मी निस्ती वाट पाह्यली.”

मी म्हणालो, “शांतता अशीच असते. कंटाळवाणी.”

“शांतता कंटाळवाणी नसते. हा खेळ ज्यानं केला, त्याले शांतता माहीत नाही.”

दुसऱ्या वर्षी तू इंजिनिअरिंग सोडलंस आणि भूगोलाकडे गेलास. मी शिकलो, नोकऱ्या केल्या, पुण्यात आठ वर्षं काढली आणि घरून काम करायची सोय झाल्यावर अमरावतीला परत आलो. भेटी कमी झाल्या, ते वाक्य मात्र तू सोडलं नाहीस. चार वर्षांपूर्वी मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर आपण भेटलो होतो, तू अकोल्याहून, मी अमरावतीहून, दोघांना सारखं पडावं म्हणून. तू पिशवीतून नकाशांची गुंडाळी काढलीस. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेपर्यंतचा सगळा मुलूख हाताने काढलेला. तेल्हाऱ्याकडचा कापूस, शेंदूरजनाघाटाकडच्या संत्र्याच्या बागा, नाले, विहिरी, कुठली विहीर उन्हाळ्यात आटते तेसुद्धा. मी म्हणालो, हे काय? तू म्हणालास, “आपला खेळ. नकाशा मी केला. बाकीचं तू कर.” जसं काही बाकीचं म्हणजे दोन दिवसांचं काम होतं.

आपण त्याचं नाव ठेवलं ‘शिवार’. फौज, किल्ले, लूट हा भाग मी सहा महिन्यांत उभा केला आणि तो चांगला झाला होता, तूही कबूल केलंस. दुसरा रस्ता, सलोख्याचा, तो काही केल्या उभा राहीना. जो कोणी सलोख्याने खेळायला जाई, तो भिंत बांधून आत बसे आणि वाट पाही. तुझा तो कॅफेतला कंटाळा आपल्याच खेळात येऊन बसला. मी म्हणायचो, काढून टाकू. तू म्हणायचास, थांब.

थांब म्हणायला तुझ्याकडे नेहमी काहीतरी असायचं. आमची आई आणि तुझी अम्मी यांचा डबा तू मला किती वेळा ऐकवलास! अम्मीने एकदा आपल्या हातचा हलवा पाठवला. रिकामा डबा परत कसा पाठवायचा म्हणून आईने त्यात पुरणपोळ्या घातल्या. मग अम्मीला रिकामा पाठवता येईना. अकरा वर्षं तो डबा अकोला-अमरावती करत राहिला आणि दर वेळी आतला ऐवज वाढत गेला. शेवटी आई डब्यासोबत वेगळी पिशवी द्यायला लागली. दोघी एकमेकींना तोवर दोनदासुद्धा भेटल्या नव्हत्या.

“आता सांग,” तू म्हणालास, “ही लढाई नाही तर काय हाय? दोघीइले जिंकाचं हाय. दोघी एकमेकीवर नजर ठेवून हायेत. अन् अकरा सालात कोणी मेलं का?”

“मी मेलो. माझं वजन बघ,” मी म्हणालो.

तुला हसू आलं, पण तू विषय सोडला नाहीस. सोडला असतास तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग अब्बांचा रुमाल निघाला. तुझे वडील अंजनगाव सुर्जीकडच्या बाजारांत बैलांचे दलाल होते, हे मला ठाऊक होतं. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव करतात आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही, हेही मी लहानपणी पाहिलं होतं. पण अब्बा तो रुमाल दुसऱ्या कामालाही वापरायचे, ते तू त्या दिवशी सांगितलंस. दोन भावांचं विहिरीच्या पाण्यावरून वाजलं, की लोक अब्बांना बोलवायचे. ते दोघांना समोर बसवायचे. पण तुला किती हवं, हे ते विचारायचेच नाहीत. तू किती सोडतो, एवढंच. एकेकाने यायचं, रुमालाखाली अब्बांचा हात धरायचा आणि जितक्या पाळ्या पाणी सोडायची तयारी असेल तितकी बोटं दाबायची. आकडा अब्बा कोणालाच सांगायचे नाहीत. फक्त उठून मोठ्याने म्हणायचे, अमक्याने जास्त सोडलं. बस. ज्याने जास्त सोडलं त्याचं पाणी जायचं, पण नाव व्हायचं. पुढच्या भांडणात गाव त्यालाच मधे बसवायचं.

“म्हंजे दोघं बी विचार करत,” तू सांगत होतास, “का समोरचा किती सोडन? जास्त सोडलं तर बाग वाळते. कमी सोडलं तर नाव जाते. अब्बा म्हनत, बैलाच्या सौद्यात मानूस इतका घामेजत नाही.”

मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात पटापट कोड दिसायला लागलं. हे तुझं श्रेय मी तेव्हा दिलं नाही. मी इतकंच म्हणालो, “करून बघू.”

महिनाभरात ते उभं राहिलं. सात गावं, प्रत्येक गावात पाण्याचा एक तंटा. दर तंट्याला प्रत्येकाकडे नव्या वीस पाळ्या. दोघांनी आपापली ‘सोड’ झाकून ठेवायची, मग रुमाल उचलायचा. जो जास्त सोडेल त्याला त्या गावाचा मान, पण सोडलेलं पाणी गेलं ते गेलं आणि त्याच्या बागा तेवढ्या सुकणार. चार गावांचा मान ज्याच्याकडे, तो सलोख्याने जिंकला. त्यात माझीही एक भर होती, ती विसरू नकोस. माझ्या मामांची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग. बहार धरायच्या आधी झाडांना ताण देतात, पाणी तोडतात. त्या दिवसांत पाणी सोडून द्यायला कोणाचं काय जातं? म्हणून ताणाच्या दिवसांतली सोड अर्धीच मोजायची, हे मी घातलं. तू टेबलावर हात आपटून म्हणालास, “वा राज्या! फुकटचा दानशूर पकडला तू.” तुझी ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

तो खेळ जिवंत झाला, इरफान. सामना चालू असला की रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर तू तुझा आकडा ठेवून फाइल पाठवायचास, मी जेवणाआधी माझा ठेवायचो. दिवसभर डोक्यात तेच. इरफान काय ठेवेल? काल तो जास्त बोलला, म्हणजे कमी ठेवेल. आज गप्प आहे, म्हणजे काहीतरी मोठं. फौजेच्या खेळात मी कधी समोरच्या माणसाचा इतका विचार केला नव्हता. त्यात मी फक्त त्याचे घोडे मोजायचो.

आणि मी हरायला लागलो. तू भूगोलाचा मास्तर, वर्गात पन्नास पोरांची तोंडं वाचण्यात आयुष्य गेलेलं. मी पडद्यासमोर बसणारा माणूस. सलग तीन सामने हरलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. हॉस्टेलात कॅरममध्ये हरलो की मी बोर्डाला दोष द्यायचो.

आता ते सांगतो.

चौथ्या सामन्यात खरंच एक बिघाड झाला होता. तुझा आकडा नीट झाकला जात नव्हता. तो शोधायला मी एक लहानसं साधन लिहिलं, फाइलच्या आत बघायचं. बिघाड सापडला, दुरुस्त केला. पण बघता बघता तुझा आकडा दिसला. सहा. मला आता तो दिसला आहे, हे तुला सांगायला हवं होतं. मी सात ठेवले.

दुसऱ्या दिवशी काही बिघाड नव्हता. तरी मी उघडलं. तू नऊ ठेवले होतेस. मी दहा ठेवले.

दीड वर्षं, इरफान. अकरा सामने. मी दर वेळी तुझा रुमाल वर करून बघितला आणि तुझ्यापेक्षा एक जास्त ठेवला. सुरुवातीला मनात म्हणायचो, गंमत आहे, उद्या सांगू. मग सांगण्याची लाज वाटायला लागली. आणि मग त्याहून वाईट झालं. मला ते उपयोगाचं वाटायला लागलं. तू हरायचास आणि फोन करून म्हणायचास, “काहून बे? काही तरी चुकते.” आणि मी गंभीर आवाजात सांगायचो, की बघ, यात चुरस नाही, थोडा हिशेबी माणूस आला की सलोख्याचा खेळ संपतो. तुझ्याशी चाललेला तो पंचवीस वर्षांचा वाद मी चोरी करून जिंकत होतो.

तू तुझ्या कल्पनेवर शंका घ्यायला लागलास. ती वेळ मी तुझ्यावर आणली. विसाच्या जागी तीस पाळ्या करून बघितल्यास, गावं वाढवलीस, कमी केलीस, बागा वाळायचा वेग बदलायला लावलास. मी निमूटपणे बदल करून द्यायचो आणि पुन्हा एकाने जिंकायचो. तू म्हणायचास, नियम कुठेतरी फुटका आहे. नियम ठीक होता, राजा. फुटका मी होतो.

शेवटचा फोन तर मला आठवायचाही नाही, पण आठवतो. बाहेरगावच्या एका कंपनीने खेळ बघायला मागितला होता. मी तुला सांगितलं, सलोखा काढून नुसती फौज पाठवतो. 

तू म्हणालास, “मले एक महिना दे. मले नियम सापडला.”

“चार वर्षं हेच ऐकतोय.”

“मंग एकच डाव खेळ. नव्या पटावर तीन गावं तुही धर, तीन माही. सातवं राह्यलं. मी ठेवतो, तू ठेव. त्याच्यानंतर तुले जे कराचं ते कर.”

“बघू,” मी म्हणालो.

तू त्याच संध्याकाळी ठेवलंस. मी रागावून आठ दिवस फाइलकडे बघितलंच नाही. म्हटलं, बसू दे वाट बघत. नवव्या दिवशी सकाळी तुझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

मातीला आलो तेव्हा कोणाशी बोलणं झालं नाही. खांदा दिला, मूठभर माती टाकली, परतीच्या बसमध्ये बसलो. काल पुन्हा अकोल्याला आलो. नसीम भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येणार नाहीत, म्हणून त्या आतल्या खोलीत पडद्याआड बसल्या होत्या. अम्मी माझ्याजवळ पलंगावर. अम्मींनी माझा हात हातात घेतला आणि नुसत्या थोपटत राहिल्या. मी काय बोलणार? तुमच्या मुलाला मी दीड वर्षं फसवत होतो, हे पलंगावर बसून सांगता येतं का कोणाला?

पडद्यामागून भाभींनीच विचारलं. “सुनीलभाई, एक बात पुछू? राग नका येऊ देऊ.”

“विचारा ना, भाभी.”

“तुमी हर बार एकानंच कसे जिंकत होते?”

 भाभी ओरडून बोलत नव्हत्या. डाळीत मीठ जास्त झालं का, हे विचारावं तशा विचारत होत्या.

“ते जेवताना मले सांगत,” त्या म्हणाल्या. “आज बी एकानं जिंकला. हसत होते. मी म्हनलं, मंग विचारा ना त्याईले. तर म्हने, नाही. मी विचारलं तर सुन्या खोटं बोलन, अन् मंग ते खोटं मले ठेवून घ्या लागन. त्यालेच सांगू दे.”

तुला माहीत होतं! तुला माहीत होतं आणि तू दीड वर्षं आकडा ठेवून फाइल पाठवत राहिलास. पाळ्या वाढवल्यास, गावं बदललीस, मला ‘काहून बे’ विचारत राहिलास. इरफान, तू मला सांगायच्या किती संधी दिल्यास ते मी आता मोजतोय आणि मोजवत नाही. मी अम्मींसमोर रडलो. त्यांना वाटलं, तुझ्या आठवणीने. तेही खोटं नव्हतं.

“भाभी, मी चोरून बघत होतो,” मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या मैत्रीतलं हे एकच वाक्य मी चुकीच्या माणसाला सांगितलं.

“मालूम है,” भाभी म्हणाल्या. “पर त्याच्यातूनच त्याईले तो नियम भेटला ना.”

मग त्यांनी तुझा नियम सांगितला. तू ताटावर बोटाने रेघा मारून त्यांना समजावलेला. कोणी सलग तीनदा एकाच्याच फरकाने जिंकला, तर गावं त्याला मधे बसवणं बंद करणार. “ते म्हनत, मोजून सोडनाऱ्याले गाव वळखते. अब्बाच्या टायमाले बी असे लोक होते म्हने, समोरच्याच्या घरी मानूस पाठवून आकडा काढत. लोक दोनदा फसत, तिसऱ्या बारीले त्याचा हात रुमालाखाली घेतच नसत.”

बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो. चार वर्षं आपल्याला जे सापडत नव्हतं, ते हे होतं. आता नुसतं जास्त सोडून भागणार नाही. कधीतरी गरज नसताना हात सैल सोडावा लागेल, आणि समोरचा तेच हेरून तुमच्यासाठी गळ टाकेल. त्याने मुद्दाम कमी ठेवायचं, तुम्ही मोजून एक जास्त ठेवायचं, आणि तिसऱ्यांदा तसं झालं की तुमचं नाव गेलं. रुमाल उचलून बघणाऱ्याचाही उपयोग संपला. भिंत बांधून आत बसायची सोय कोणालाच नाही, कारण गाव तुमच्याकडे बघतंय. मला इतका आनंद झाला, की फोन काढून तुझा नंबर लावायला घेतला. मग लक्षात आलं.

माझ्या चोरीतून तू नियम काढलास. दुसरा कोणी असता तर भांडण काढलं असतं. मला तुझा रागही येतो, खरं सांगू? एकदा शिव्या घातल्या असत्यास, तर मी दोन दिवस फुगून बसलो असतो आणि तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूरला आलो असतो. तू इतकी वाट का बघितलीस? आयुष्यभर वाट बघण्याला नावं ठेवणारा माणूस तू.

इथवर लिहीपर्यंत पहाट झाली. मग सकाळी तीन कामं केली. ते आत बघायचं साधन पुसून टाकलं. कंपनीला कळवलं, की खेळ सलोख्यासकट येईल, नाहीतर येणार नाही. तुझा तीनदाचा नियम कोडात घातला. तो चालतो की नाही हे बघायला जुने अकरा सामने त्यातून काढले. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या गावाला मी बाद झालो. अकरापैकी अकरा सामने तू जिंकला आहेस. यादी छापून ठेवली आहे, भाभींकडे पाठवीन.

मग शेवटचा डाव घेतला. उन्हं अंगणात आली होती, आई आत भाजी चिरत होती. आधी वाटलं, वीसच्या वीस ठेवावेत. प्रायश्चित्त म्हणून. बागा वाळल्या तर वाळल्या. पण ते खेळणं झालं नसतं. तुला मुद्दाम जिंकू देणं म्हणजे पुन्हा फसवणंच, आणि तू ते लगेच ओळखलं असतंस. माझं माफी मागणं एवढंच असू शकत होतं, की मी सरळ बसावं, तुझ्याबद्दल विचार करावा आणि न बघता जिंकायचा प्रयत्न करावा.

म्हणून विचार केला. फोनवर तू चिडलेला होतास. चिडलास की तू दिलदार होतोस, हे मला माहीत आहे. मोठा आकडा ठेवला असशील. दहा? अकरा? तेरापुढे माझ्या बागा जगत नव्हत्या. अब्बा म्हणायचे तसा घाम फुटला होता मला. किती वर्षांनी मी तुझ्याशी खेळत होतो! मी बारा ठेवले आणि रुमाल उचलला.

तू शून्य ठेवलं होतंस.

मी किती तरी वेळ त्या शून्याकडे बघत बसलो. पडद्यावर माझ्या बागा पिवळ्या पडत होत्या, सातव्या गावाचा मान माझ्याकडे आला होता आणि वर माझं नाव झळकत होतं. माझा इतका मूर्ख विजय आपल्या खेळात कधी झाला नव्हता. आई बाहेर येऊन विचारू लागली, काय झालं, हसतोस की रडतोस?  मी अकोल्याला फोन लावला. अम्मींनी उचलला आणि भाभींकडे दिला.

“भाभी, त्याने शून्य ठेवलं होतं.”

“अन् तुमी?”

“बारा.”

 भाभी हसल्या. या सतरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण मागून अम्मींनी दचकून विचारलेलं मला ऐकू आलं.

“बारा?” भाभी म्हणाल्या. “म्हंजे तुमी पाह्यलं नाही, सुनीलभाई.”